पट्ट्याखालचा नंबर

आमच्या आप्पांची डावी बाही उजवीपेक्षा नेहमी एक घडी वर असायची. इस्त्रीवाला बिचारा दोन्ही बाह्या सरळ करून द्यायचा. आप्पा सकाळी आरशासमोर उभे राहून डावी दुमडायचे, मग अजून थोडी दुमडायचे, घड्याळ पुरतं उघडं पडेपर्यंत. आई दारातून विचारायची, "जेवायला कधी याल?" चपलेत पाय घालता घालता आप्पा सांगायचे, "सांगता येत न्हाई, साहेबांचा दौरा हाय." घड्याळ मागाहून आलं, पण हे उत्तर मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. माझ्या साखरपुड्याच्या दिवशीही आईला हेच उत्तर मिळालं होतं आणि आप्पा आले ते पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर. मी तोंडाची फटकळ आहे, त्या दिवशी पाहुण्यांदेखत बोलले त्यांना. आप्पा नुसते हसले आणि पंगत झाडायला लागले.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आप्पा त्यांचे कार्यकर्ते. सभा कुठं आहे, खुर्च्या कुणाच्या, भोंगा कुणाचा, केजहून माणसं आणायला जिपा किती लागतील, पाण्याचे जार कुठं ठेवायचे, हे सगळं आप्पांनी बघायचं. सभा सुरू झाली की आप्पा स्टेजच्या मागं उभे. पेपरात फोटो आला तर त्यात आप्पांचा खांदा तेवढा दिसायचा. आई तो खांदासुद्धा कापून ठेवायची.

घड्याळ मिळालं ते सिरसाळ्याच्या बाजारात, साहेबांच्या वाढदिवसाला. स्टेजवर हार-तुरे चालले होते. साहेबांनी माइकवरून आप्पांना पुढं बोलावलं. "हा माणूस माझ्या मागं सावलीसारखा उभा राहिला," म्हणाले आणि सगळ्या बाजारासमोर स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून आप्पांच्या मनगटात घातलं. परदेशी घड्याळ, काळी तबकडी, चकचकीत साखळीचा पट्टा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पा घरी आले ते डावा हात छातीशी धरून. हात मोडला की काय म्हणून आई किंचाळलीच.

"आगं, मोडला न्हाई. ह्ये बघ काय हाय ते. दुकानातलं न्हाई, डब्यातलं न्हाई. मनगटातलं काढून दिलं."

हे 'मनगटातलं' आम्ही नंतर इतक्या वेळा ऐकलं की धाकटा भाऊ आप्पांची नक्कल करायचा. पाहुणा आला की आधी मनगट, मग चहा. लग्नात नवरदेवापेक्षा आप्पांच्या हाताकडं गर्दी. पोरं विचारायची, "आप्पा, किती वाजले?" त्यांना वेळ नको असायची, आप्पांना खूश करायचं असायचं. आप्पाही अगदी सावकाश हात वर करून सांगायचे.

लग्नानंतर मी पुण्याला गेले आणि नशीब बघा, मला नोकरी लागली ती घड्याळांच्या एका मोठ्या दुकानात. भारी भारी परदेशी घड्याळं. मी दुरुस्तीच्या काउंटरवर. घड्याळ आलं की आधी त्याचे दोन नंबर बघायचे, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं. बऱ्याच घड्याळांत ते पट्ट्याखाली असतात. साखळी जिथं घड्याळाला जोडलेली असते, तिथली काडी काढली की आतल्या कडेला बारीक कोरलेले दिसतात. बाराच्या डोक्यावर एक, सहाच्या पायाशी दुसरा. एक मॉडेलचा, त्याला रेफरन्स म्हणायचं. तो त्या जातीच्या सगळ्या घड्याळांवर एकच. दुसरा सिरियल, तो त्या एकाच घड्याळाचा. अख्ख्या जगात दुसऱ्या घड्याळावर तो नंबर नाही. निदान असू नये.

नकली बनवणाऱ्यांचा आळस तिथं उघडा पडतो. प्रत्येक घड्याळाला वेगळा नंबर कोरत बसायचं कुणाला? एकाच खऱ्या घड्याळाचा नंबर घेतात आणि हजारोंवर तोच छापून मोकळे होतात. असले काही नंबर आम्हा काउंटरवरच्या बायकांना तोंडपाठ झाले होते. गिऱ्हाईक ऐटीत घड्याळ ठेवायचं, आम्ही पट्टा काढायचो, नंबर बघायचो आणि एकमेकींकडं न बघता म्हणायचो, "सर, हे आपल्याकडं होणार नाही."

एकदा आप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाले, "माय, एक विचारू का? दोन घड्याळांवर एकच नंबर आसतो का गं?"

मला हसू आलं. आप्पांना कळावं म्हणून मी त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, "आप्पा, मॉडेलचा नंबर सारखाच असतो, एका कंपनीचे ट्रॅक्टर कसे सगळे सारखे. पण दुसरा असतो तो चासी नंबर. तो ज्याचा त्याचा. दोन ट्रॅक्टरवर एकच चासी नंबर निघाला तर काय समजायचं?"

"चोरीचं."

"तसंच. घड्याळात निघाला तर डुप्लिकेट. का हो?"

"काय न्हाई. चौसाळ्याचा दोस्त इचारीत हुता." मग म्हणाले, "पाऊस न्हाई बघ औंदा," आणि फोन ठेवला. मीही गिऱ्हाइकात गुंतले आणि ते बोलणं विसरून गेले.

त्यानंतर आप्पांनी मला घड्याळ कधी हातात दिलं नाही. मी दिवाळीला गेले की म्हणायचे, "आणा आप्पा, साफ करून देते, आमच्याकडचं कापड आणलंय." आप्पा हात मागं घ्यायचे. "ऱ्हाऊ दे. चांगलं चालतंय." मी म्हटलं, पुण्याला नेऊन सर्व्हिसिंग करून आणते. "ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवं?" हे जरा चढ्या आवाजात. मला राग आला. जगाला दाखवायचं आणि पोटच्या पोरीला हात लावू द्यायचा नाही, हे काय? मी नोकरी करते ते त्यांना आवडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि फुगून पुण्याला परत आले. आईशी फोनवर बोलायचे, आप्पांना नुसता नमस्कार सांगायचे.

मग आप्पांचं दुखणं निघालं. यकृताचं. कधी दारूचा थेंब नाही तोंडात, तरी यकृताचं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रजा टाकून आले. पलंगावर आप्पा दिसले आणि माझा सगळा फुगा तिथंच फुटला. एवढा उभा-आडवा माणूस, गादीत कुठं गेला कळेना. पोट तेवढं मोठं, हात काड्या झालेले आणि घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापाशी येऊन अडकलेलं.

सलाईन लावायला सिस्टर आली. तिनं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. आप्पा ग्लानीत होते. मी व्हरांड्यात आले. खरं सांगते, मी काही तपासायला निघाले नव्हते. साखळीच्या खाचेत मळ साचला होता, तो काढावा म्हणून बांगडीतली सेफ्टी पिन काढली, काडी सरकवली, पट्टा सुटला. सवयीनं माझी नजर आधी सहाच्या बाजूला गेली.

तो नंबर मला पाठ होता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साऱ्या बाजारासमोर! मनगटातलं काढून! माझ्या बापानं साखरपुडे सोडले, जेवणं सोडली, घरात साप निघाला तेव्हा बाप साहेबांच्या भोंग्याच्या मागं धावत होता आणि त्याच्या हातात हे घातलं? घड्याळाच्या किमतीचं मला काही नव्हतं. खरं म्हणून दिलं, ते खोटं निघालं, त्यानं माझं डोकं फिरलं. आणि मी व्हरांड्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. धाकटा भाऊ डबा घेऊन येत होता. तो केज-अंबाजोगाई काळी-पिवळी जीप चालवतो. त्याला मी सगळं सांगितलं, नंबर दाखवला. तो तर माझ्याहून तापट. म्हणाला, "आक्का, आण ते इकडं. बीडला जातो आन् त्याच्या तोंडावर फेकून मारतो."

"हळू बोल. आप्पा ऐकतील."

आप्पांनी ऐकलंच होतं. आम्ही आत गेलो तर डोळे उघडे होते. माझ्या हातातला सुटा पट्टा त्यांनी बघितला.

"काढलास व्हय पट्टा? ऱ्हाऊ दे म्हणलं होतं तुला."

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"लई दिसांपास्नं." आणि मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. चौसाळ्याचे काका, आप्पांचे जुने जोडीदार, तेही साहेबांचे कार्यकर्ते. त्यांनाही एका वाढदिवसाला साहेबांनी मनगटातलं घड्याळ काढून दिलं होतं. एका सभेच्या गडबडीत काकांच्या पट्ट्याची काडी निघाली. ती बसवून देता देता आप्पांना आतला नंबर दिसला. आप्पांचीही काडी आधी एकदा निघाली होती, तेव्हापासून स्वतःच्या घड्याळाचा नंबर त्यांना पाठ होता, जिपेच्या नंबरासारखा. दोन्ही एकच. तेवढ्यासाठी त्यांनी मला फोन केला होता. आणि मीच त्यांना चासी नंबर समजावून सांगितला होता, हसत हसत.

"काकांना सांगितलं?"

"खुळी का काय? त्येचं सुख कावून घालवू?"

भाऊ उसळला. "मंग एवढी वर्सं त्येच्या मागं कावून फिरलात आप्पा? फसवलं की त्येनं तुमाला!"

आप्पांनी त्याला हातानं थांबवलं. "साहेबांनी न्हाई फसवलं. साहेबांलाच कुनीतरी फसवलंय. सोताच्या मनगटात खोटं घड्याळ कुनी घालंल का बे? त्येंच्या मागं-पुढं करनारं कुनीतरी खऱ्याचं पैसं घेतंय आन् हे आणून देतंय. मानूस भोळा हाय. ह्ये त्येंच्या कानावर घातलं पायजे."

"मग सांगितलं का नाही इतके दिवस?"

"एकटं कवा गावलेच न्हाईत." आप्पांना दम लागला. "चारचौघांत बोललो तर त्येंची मान खाली जाईल. फोनवर न्हाई, चिठ्ठीत न्हाई. हितं यायचेत ते मला बघायला. तवा खोलीत कुनी नको. पट्टा काढून नंबर दावतो आन् सांगतो, साहेब, तुमच्या घरातच चोर हाय."

मी पट्टा परत बसवला. सिस्टरला विनवून ते घड्याळ आप्पांच्या उशाशी ठेवलं.

तेव्हापासून आप्पांचा जीव तेवढ्यावरच टांगलेला. दवाखान्याच्या आवारात गाडीचा हॉर्न वाजला की म्हणायचे, "बघ गं, साहेब आले का?" उठून बसायची धडपड करायचे. आईकडून अंगात सदरा घालून घ्यायचे. मी साहेबांच्या माणसाला फोन लावत होते. "ताई, साहेब मीटिंगमधी हायेत." "ताई, साहेब मुंबईला गेलेत." "ताई, निरोप दिलाय." शेवटी माझं टाळकं सटकलं आणि मी सरळ बीडला त्यांच्या बंगल्यावर जाऊन बसले. हॉलमध्ये माणसांची जत्रा. दुपार झाली तेव्हा साहेब बाहेर आले, गाडीकडं निघाले. मी आडवी गेले. म्हटलं, "साहेब, आप्पा फार आजारी आहेत. एकदा भेटून जा. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

साहेब थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, आप्पा म्हणजे माझा घरचा माणूस. येतो. नक्की येतो."

त्या हातात घड्याळ होतं. निळ्या तबकडीचं. माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब. मी रोज असली घड्याळं हाताळते. ते अस्सल होतं. सेकंदाच्या काट्याची संथ चाल आणि तबकडीवरचं बारीक काम बघूनच मला कळलं. म्हणजे ह्या माणसाला खरं कुठलं आणि वाटायचं कुठलं, दोन्ही पक्कं ठाऊक होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण आप्पांनी आईची शपथ घातली होती, माझ्याआधी तू एक अक्षर बोलायचं नाही म्हणून. गाडी गेली.

मी दवाखान्यात परत आले. "काय म्हणले?" आप्पांनी विचारलं.

"येतो म्हणाले. घरचा माणूस म्हणाले तुम्हाला."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. निळ्या तबकडीचं मी त्यांना सांगितलं नाही. भावाला मात्र सगळं सांगितलं.

साहेब आले नाहीत. आप्पा एका दुपारी गेले. आई त्यांना पाणी पाजत होती, बाहेर कुठलीशी गाडी थांबली, आप्पांनी मान दाराकडं वळवली आणि ती तशीच राहिली. दवाखान्यातलं सामान गोळा करताना आईनं घड्याळ माझ्याकडं दिलं. "ह्ये तूच दे साहेबांला. तेवढंच सांगत हुते माझ्यापाशी."

मी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

तेराव्याला साहेब आले. मांडवात पाहुणे बसले होते, भावाला दुखवट्याचे कपडे करणं चाललं होतं. मामानं टॉवेल-टोपी घातली, आत्यानं सदरा दिला. भावाचं डोकं भादरलेलं, पाटावर मान खाली घालून बसलेला. तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला, फोटोवाला उतरला आणि सगळा मांडव उठून उभा राहिला. साहेबांनी आईला हात जोडले. आप्पांच्या फोटोला हार घातला. डोळ्यांना रुमाल लावला. दोन शब्द बोलले, फार चांगलं बोलले, सगळा मांडव हुंदके देत होता. मीसुद्धा रडले, काय करू? माझ्या बापाविषयी इतकं चांगलं त्यांच्या जिवंतपणी कुणी बोललं नव्हतं.

मग साहेब भावाच्या पाटापाशी गेले. "आप्पा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आता हा राहील," म्हणाले आणि स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून भावाच्या मनगटात घातलं.

काळी तबकडी. चकचकीत साखळी. आप्पांच्या घड्याळाचंच रूप.

फोटो निघाला. चौसाळ्याचे काका गर्दीतून पुढं आले, भावाचा हात धरला, आपला हात त्याच्याशेजारी ठेवला आणि रडत रडत म्हणाले, "माझ्यावानीच हाय बघ लेकरा. साहेबांनी मनगटातलं दिलं." मी पदराची गाठ सोडली. घड्याळ मुठीत घेऊन साहेबांच्या वाटेत उभी राहिले.

"साहेब, आप्पांचा एक निरोप आहे. एकट्यात सांगायचाय."

"बोल ना बेटा, इथं सगळे आपलेच आहेत."

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. काका बघत होते, डोळे पुसत. चारचौघांत नको म्हणाले होते आप्पा. मी, एवढी तोंडाळ बाई, साखरपुड्यात बापाला बोलणारी, तिथं माझ्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांचा माणूस म्हणाला, "ताई, फोन करा. पुढचा कार्यक्रम हाय." गाड्या निघून गेल्या. मूठ उघडली तेव्हा तळहातावर साखळीचे वळ उठले होते.

पाहुणे पांगल्यावर मी भावाला परसात गाठलं. बांगडीतली पिन काढली. "आण तो हात. पट्टा काढते."

त्यानं दुसऱ्या हातानं मनगट झाकून घेतलं. "ऱ्हाऊ दे आक्का."

"अरे, तुझ्या कानांनी ऐकलंस ना सगळं? निळ्याचं सांगितलं ना तुला? तोंडावर फेकून मारणार होतास ना?"

"हुतो." तो खाली बघत होता. "पर आप्पा म्हणले तसं आसलं तर? त्येंला कुनीतरी फसवीतच आसलं तर? आप्पांचं सांगायचं ऱ्हायलंय. जवळ ऱ्हायलं तरच कवातरी एकटं गावतील न्हवं. मी सांगतो त्यांला."

त्याला हे खरंच वाटत होतं का, मला आजही माहीत नाही. मी पुष्कळ बोलले, ओरडले, रडले. तो घड्याळावरचा हात काढेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याची बॅग भरत होते. भाऊ आत्यानं दिलेला नवा पांढरा सदरा घालून आरशासमोर उभा होता. काळी-पिवळीची किल्ली खुंटीवर तशीच होती. त्यानं डावी बाही एकदा दुमडली, बघितलं, मग अजून एकदा दुमडली. आई दारात येऊन उभी राहिली. तिनं सवयीनं विचारलं, "जेवायला कधी येशील रं?"

"सांगता येत न्हाई," तो चपलेत पाय घालत म्हणाला. "साहेबांचा दौरा हाय."